मोजणी

सकाळी आठला आम्ही एकमेकांना नावं सांगतो.
बारा वर्षं एकाच थिएटरात आहोत,
तरी नियम आहे : नाव सांगा, काम सांगा.
मी हेमलता. फळ्यावर मावलं तेवढं, हेम.
स्क्रब नर्स.
मी कीथ, पाय धरणारा, असं म्हणून
कीथ दर वेळी स्वतःच हसतो.

आज डावा गुडघा. डावाच ना?
मिसेस ब्रॅथवेटच्या मांडीवर जांभळ्या शाईचा बाण आहे
तरी तिघंजण विचारतात, तीनदा.
कमरेखाली ती बधिर, वर टक्क जागी,
कानांत हेडफोन.
उशाशी डॉक्टर इफेओमा,
तिचं कामच असं की नीट झालं तर दिसत नाही.
एखादा आकडा वर जातो, एखादा खाली येतो,
मधेच ती म्हातारीच्या कपाळावर हात ठेवते.

इथं सर्जनला डॉक्टर म्हणत नाहीत.
मिस्टर प्रेंडरगास्ट न बघता हात पुढं करतात
आणि हवं ते हातात पडतं.
जादू नव्हे,
पत्त्यांत भिडूचा हात ओळखावा, तितकंच.
करवत. मग ड्रिल. मग हातोडा.
नवख्या विद्यार्थ्यांचे चेहरे हातोड्याला उतरतात.
मिरजेत आमच्या शेजारी तंबोरे घडायचे,
तिथंही आधी ठोकठोकच असायची,
सूर मागाहून.

कीथ पूर्वी ग्रिम्सबीच्या गोदीत मासे कापायचा,
पहाटे तीनला, बर्फात हात घालून.
आता चाळीस मिनिटं तो गुडघा वाकवून धरतो,
झोपलेलं पोर खांद्यावर असल्यासारखा,
नाकाला खाज सुटली तरी हलत नाही.
कंपनीचा पोरगा कॅलम भिंतीपाशी,
नव्या सांध्यांच्या खोक्यांचा राखणदार.
त्यानं कशाला हात लावायचा नाही,
लाल ठिपक्यानं फक्त दाखवायचं : ते नको, हे.
बिआट्रिझ सिमेंट कालवते,
नेलपॉलिशसारखा वास सुटतो,
आणि ती मिनिटं ओरडू लागते.
दोन. तीन. साडेतीन.
त्या वेळात कुणी बोलत नाही.

कापलेलं हाड माझ्याकडं येतं, स्टीलच्या वाटीत.
मधोमध झिजून गुळगुळीत, उंबरठ्यासारखं.
एकतीस वर्षं ती शाळेच्या रस्त्यावर
‘थांबा’ची पाटी धरून उभी होती,
गाड्या अडवून पोरांना पलीकडं पोचवत.

टाके घालायच्या आधी मोजतो.
पाच, दहा, पंधरा...
आत गेले तीस.
बाहेर आले एकोणतीस.
मिस्टर प्रेंडरगास्टच्या हातात सुई तयार.
मी म्हणते, थांबा.

पुन्हा मोजतो. एकोणतीस.
बिआट्रिझ कचऱ्यात कोपरापर्यंत.
कुणीतरी एक्स-रेवाल्या मुलीला फोन लावतं.
कीथला खाली बघता येत नाही, पाय त्याच्या हातात,
म्हणून तो छताकडं बघत जीजसला आळवतो
किंवा शिव्या देतो, मास्कमधून कळत नाही.
सुई हवेतच.
माझ्या पाठीवरून घामाचा एक थेंब
सावकाश, पायरी पायरीनं उतरतो.
थांबा म्हणायचा मला हक्क आहे, कागदावर लिहिलेला,
पण तो कागद आत्ता कुठं आहे?

मग कॅलम उजवा पाय उचलतो.
तळव्याला चिकटलेला कापसाचा चौकोन,
लाल,
आणि त्याहून लाल कॅलम.

तीस.
थँक यू, हेम, मिस्टर प्रेंडरगास्ट म्हणतात,
न बघताच, हात पुढं करत.

मिसेस ब्रॅथवेट एक हेडफोन काढते.
गाडी अडली होती का?
इफेओमा म्हणते, जराशी. सुटली.

तिला नेल्यावर बादली घेऊन आंद्झे येतो.
फळ्यावर त्याचं नाव नसतं,
आठ वाजता तो तळमजल्यावर असतो.
कॅलमच्या बुटांचे ठसे
दारापासून भिंतीपर्यंत पुसत तो विचारतो,
बरी आहे ना ती?
मी हो म्हणते, आणि मग आठवतं,
मी अजून विचारलेलंच नाही.